मायामालवगौळाची हद्दपारी

"हा मायामालवगौळ राह्यते कुठी?" ठाणेदारानं विचारलं.

टेबलावर आमच्या छापखान्याचं हँडबिल होतं. मी तिथं प्रूफं तपासतो. उरलेल्या वेळात जुलमाविरुद्ध पत्रकं लिहितो, त्यामुळे ठाणं मला नवं नव्हतं. शेजारी रेल्वे ऑफिसातले कारकून वेंकटरामन मास्तर बसले होते, मांडीवर वीणा घेऊन. इतकी वर्षं त्यांनी नागपुरात फक्त घरच्यांसमोर वाजवलं. आज सहाला सीताबर्डीवर पहिला जाहीर कार्यक्रम, आणि चार वाजून गेले होते.

हँडबिलावर ओळ होती: 'मेळकर्ता – मायामालवगौळ'. ती मी घातलेली. मास्तर नको म्हणत होते, पण लोकांना अडाणी ठेवणं मला मान्य नाही. दक्षिणेकडच्या संगीतात मेळकर्ता म्हणजे सातही स्वरांचा मूळ राग. बाकीचे राग त्यातून निघतात. ठाणेदाराला मेळा ठाऊक होता तो गणपतीतला, सरकारला टोचणारी पदं गाणारा.

"मेळा करनारा कोन तो? त्याले हजर कर."

"तो माणूस नाही साहेब. राग आहे."

"कोनावर?"

इथं मी चिडलो आणि सगळं समजावून सांगितलं. असे मेळकर्ते बहात्तर आहेत. प्रत्येकाचा नंबर त्याच्या नावाच्या पहिल्या दोन अक्षरांत दडवलेला असतो.

"बहात्तर," ठाणेदारानं लिहून घेतलं. "अन् नावं सांकेतिक. नागपुरात किती आले? लपवून काहून राहिला गा तू?"

मास्तर हळूच म्हणाले, "तुम्ही आता बोलू नका हो."

मी बोललो. "हा जनक राग, म्हणजे बाप. याची मुलंच किती तरी आहेत, कोणाकोणाला धराल?"

"पोराइले आम्ही हात लावत नाही. आमाले बाप पायजे."

मास्तरांनी मान वर केली. "साहेब, बाप आज येणार नाही. लिहून देतो."

ठाणेदारानं कागद केला: मायामालवगौळ यानं आज शहराच्या हद्दीत येऊ नये, आल्यास जामीनदार जबाबदार. जामीनदार मी. हा कलेवरचा घाला होता. मी सही करणार नाही असं बजावलं.

"करा सही," मास्तर म्हणाले. "पाच वाजले."

केली.

सहाला मास्तरांनी सावेरी धरली. मग नादनामक्रिया. दोन्ही मायामालवगौळाचीच मुलं, बापाच्याच स्वरांवर वाढलेली. सभागृह भरलं होतं. ठाणेदार पहिल्या रांगेत, अर्धं लक्ष दाराकडे. शेवटी टाळ्या थांबेनात, तेव्हा मास्तरांना नमस्कार कुठं करावा तेच कळेना. वीणेलाच केला.

ठाणेदार जाताना म्हणाला, "पोरं गुणी निघाली गा. बाप आला असता तर गडबड झाली असती."

ठाण्यात शब्दाचा अर्थ विचारला तर एका वाक्यात सांगावा. दुसऱ्या वाक्यापासून ते जबानी म्हणून लिहून घेतात.