पाठवणीच्या गाडीचा सायलेन्सर

"झालंच समजा!"

भाऊंचं पहिलं वाक्य हेच असायचं. गाडी पुरती थांबलेली नसायची, आपण दार उघडून एक पाय जेमतेम बाहेर टाकलेला असायचा, आणि भाऊ हातातला चहाचा ग्लास खाली न ठेवताच सांगून टाकायचे, "बाई, झालंच समजा." काय बिघडलंय हे आपण अजून सांगायचंच असायचं.

कुसगावच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे जुनी गाडी होती त्यांनी ती पाहिली असेल. नव्या गाडीवाल्यांना ती दिसायचं काही कारणच नव्हतं. आत छताला गंजलेले सायलेन्सर दुधीभोपळ्यांसारखे लोंबत असायचे. भाऊ दुसऱ्या कशालाही हात लावत नसत. इंजिनाचं काही विचारलं तर म्हणायचे, "ते म्होरल्या बाजूचं. मी मागल्या बाजूचा डॉक्टर हाय."

डॉक्टर तसा बेताचाच. एकदा त्यांनी माझ्या गाडीचा पाइप असा जोडला, की धूर मागे जायच्याऐवजी डाव्या बाजूला जाऊ लागला. मी कुठेही थांबले की कडेला उभी असलेली माणसं उड्या मारून बाजूला होत. तक्रार केली तर भाऊ म्हणाले, "थंडीचं दिवस हायेत बाई, लोकांचं पाय शेकत्याल." मग हसत हसत पाइप कापला आणि सरळ करून दिला. भातलावणीच्या दिवसांत तर ते सापडायचेच नाहीत. शेडला कुलूप आणि भाऊ आपल्या गावी, औंढ्याच्या खाचरात गुडघाभर चिखलात. तिथं बांधावर उभं राहून हाका मारल्या, तरी वर न बघता उत्तर यायचं, "झालंच समजा!"

मी शाळेत शिकवायचे, आणि त्यांची मुलगी पल्लवी माझ्या वर्गात होती. शाळा सुटली की ती शेडमध्ये येऊन बसायची. दुरुस्ती झाल्यावर भाऊ गाडीची चक्कर मारायचे, तेव्हा ही शेजारच्या सीटवर. माझी गाडी वडिलांच्या वेळची, त्यामुळे तिथं सारखी जायची. तिच्या सगळ्यात जास्त चकरा माझ्याच गाडीतून झाल्या. एकदा मला म्हणाली, "बाई, मी सासरी जाईन तर हिच्यातूनच." आपण हसून हो म्हणतो, तशी मी हो म्हणाले.

पुढे तिचं लग्न ठरलं. मुलगा देहूरोडचा, डेपोत नोकरीला. पत्रिका द्यायला आलेले भाऊ म्हणाले, "पोरगी इसरली न्हाई बरं का. गाडी लागंल."

लग्न औंढ्यालाच, देवळापुढच्या मांडवात. अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि दुपार कलल्यावर मी घरी जाऊन झेंडूच्या माळांनी सजवलेली गाडी घेऊन निघाले. मांडवाच्या तोंडाशी एक गतिरोधक होता. पुढची चाकं नीट उतरली. मागची उतरताना खाली खाडकन काहीतरी तुटलं आणि गाडी रणगाड्यासारखी गरजू लागली. वाजंत्री थांबली. वऱ्हाडाची लहान मुलं कानांवर हात ठेवून नाचायला लागली.

मांडवाच्या दुसऱ्या टोकाला व्याह्यांना विडा देत असलेले भाऊ तिथूनच ओरडले, "फ्लँज गेली!"

फ्लँज म्हणजे सायलेन्सरचे दोन पाइप जिथं बोल्टांनी जोडतात ती चकती. ती गंजून तुटली होती आणि मागचा पाइप जमिनीला टेकला होता. वेल्डिंगचं सगळं सामान कुसगावात, आणि पाठवणीची वेळ झालेली. नवऱ्या मुलाचे मामा भले गृहस्थ. ते पुढे येऊन म्हणाले, "एवढं काय त्यात? आमची नवी गाडी आहे ना. तिच्यातून जाऊ."

भाऊंचा चेहराच पडला. "पावणं," ते म्हणाले, "सायलेन्सरवाल्याची पोरगी सायलेन्सर तुटला म्हणून दुसऱ्याच्या गाडीत बसली, तर मी कुसगावात तोंड कुटं दाखवू?"

अंगात नवा रेशमी सदरा, डोक्याला गुलाबी फेटा. मावशी, म्हणजे भाऊंची बायको, "अवो, कापडं!" म्हणेपर्यंत भाऊ फेट्यासकट गाडीखाली गेले होते. खालून फर्माइशी सुटू लागल्या. आचाऱ्याकडून तेलाचा रिकामा डबा आला, तो कापून त्याचा पत्रा झाला. मांडववाल्यांची तार आली, पक्कड आली. पाइप तापलेला होता, म्हणून एक गोणपाट भिजवून दिलं. तुटलेल्या जागेवर पत्रा गुंडाळायचा आणि तारेनं आवळायचा, असा बेत. मी पदर खोचून गाडीपाशी गुडघे टेकले आणि मागतील ते आत सरकवू लागले. नवऱ्या मुलाचे मामा बॅटरी धरून उभे राहिले.

"मामा, उजेड पाइपावर धरा, माझ्या तोंडावर नगं!"

शेवटी पक्कड बाहेर आली. "चालू करा," खालून आवाज आला. मी आत बसून किल्ली फिरवली. गाडी गुरगुरली, पण माणसातली गुरगुर. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वाजंत्री पुन्हा सुरू झाली. मी गाडी बंद करून खाली उतरले.

भाऊ मात्र बाहेर येईनात.

मी वाकून पाहिलं. काम संपलं होतं. भाऊ उताणे पडून पत्र्याच्या त्या गुंडाळीकडे बघत होते, आणि पाणी डोळ्यांच्या कडांनी फेट्यात मुरत होतं.

"भाऊ, झालं ना?"

"झालं," ते हळूच म्हणाले. एवढ्या खालच्या आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "जरा पडू द्या हितंच. भाईर आलो की ती जाणार."

तेवढ्यात शेजारी बांगड्या वाजल्या. पल्लवी शालू सावरत खाली बसली होती.

"आप्पा," ती वडिलांना म्हणाली, "हितं पडून ऱ्हायलात, तर बाईंना गाडी पुढं न्हेता येणार न्हाई. आमी रात्री पण हितंच. मग तुमालाच पिठलं करावं लागंल सगळ्या वऱ्हाडाला."

गाडीखालून हुंदका आला का हसू, सांगता येणार नाही. दोन्ही असावं. मग आधी फेटा आला, मग भाऊ. सदऱ्याची पाठ काळी, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि शालू बघून थबकले. हात तसेच हवेत. पल्लवीनं त्यांच्या छातीवर डोकं टेकलं. मावशींनी आपल्या पदरानं आधी नवऱ्याचे डोळे पुसले, मग लेकीचे, मग स्वतःचे. तो पत्रा देहूरोडपर्यंत टिकला. परत येताना, मी एकटी असताना, सुटला. मी अख्खा मावळ जागा करत घरी पोचले.

पुढे रस्ता रुंद झाला आणि शेड गेली. पल्लवीला मुलगी झाली, तिला सांभाळायला म्हणून मावशी आणि भाऊ देहूरोडला राहायला गेले. मध्यंतरी एका रविवारी मी त्यांना भेटायला गेले. पल्लवीनं दार उघडलं, मावशींनी चहा टाकला. खिडकीपाशी भाऊंची खुर्ची होती. डोक्यावर पंखा चालू, खुर्चीत पेपर अर्धा वाचलेला, त्यावर चष्मा.

"भाऊ कुठे गेले?"

पल्लवी हसायलाच लागली. "आत्ता हितंच होते, बाई. खालनं एक गाडी फाटक्या आवाजात गेली. तिच्या मागंच गेले. बनियनवरच!"

आम्ही वाट पाहिली. त्यांच्या नातीची मला सगळी खेळणी दाखवून झाली. मावशींनी भाऊंचा चहा पुन्हा गरम केला, झाकून ठेवला, मग आणखी एकदा गरम केला. ऊन उतरलं तशी मी उठले. भाऊ अजून आले नव्हते.