घोडीच्या पाठीवरची कणीक

आबांचं खोगीर स्कूटीवर पायांपाशी ठेवून मी नारायण पेठेत नेलं, तेव्हा माझ्या मनात पाप होतं. आबा म्हणजे माझे वडील. पंधरा दिवसांपूर्वी ते घोडीवरून पडले. नव्या काँक्रीटच्या रस्त्यावर तिचा पाय घसरला असं ते म्हणाले, आणि आम्ही ते मान्य केलं. खोगिराचं कातडं उसवलं, पोटाखालचा पट्टा तुटला, पाय अडकवायची एक रिकीब कुठे गेली ते कळलंच नाही. आबांना नुसतं खरचटलं होतं. पुढच्या वेळी एवढ्यावर भागेल याची मला खात्री नव्हती.

आमच्या शेतावर तेव्हा सोसायट्या उठल्या होत्या. जमीन गेल्यावर भावकीतल्या सगळ्यांनी जीपा घेतल्या, आबांनी घोडी ठेवली. पार्किंगच्या कडेला, जनरेटरच्या मागे तिची पत्र्याची शेड होती, आणि तिच्यावरून दर मीटिंगला भांडण व्हायचं. रोज सकाळी आबा घोडीवर बसून कालव्याकडच्या उरलेल्या तुकड्यावर जात. वाटेत भाजी घ्यायची तरी खाली उतरत नसत. लोक म्हणत, काय हा तोरा. मीही तेच म्हणायची.

पेठेतले कारागीर सत्तरीचे होते. त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या खोगिरं बनत आलेली, पण आता दुकानात चेन बदलायला आलेल्या लॅपटॉपच्या बॅगा टांगल्या होत्या. त्यातल्या दोन तर आमच्याच कंपनीच्या. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा, म्हणून मी सरळच सांगितलं, "काका, हे दुरुस्त होणार नाही असं आबांना सांगाल का? ते पुन्हा बसायला नकोत."

त्यांनी खोगीर उलटं केलं, आतल्या लाकडी सांगाड्यावर बोटानं टकटक केली. "लाकूड शाबूत आहे. आणि खोटं बोलायला आमच्याकडे माणूस ठेवलेला नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "घोडी पाहिल्याशिवाय मी टाका घालत नाही. रविवारी येतो. वाटीभर कोरडी कणीक काढून ठेवा."

रविवारी आबा सकाळीच दाढी करून तयार होते. काकांनी मला मोकळी घोडी चालवायला सांगितली. ती सरळ चालली. त्यांनी तिचे पुढचे दोन्ही पाय उचलून नाल पाहिले. मग तिच्या पाठीवर चिमटी-चिमटीनं कणीक भुरभुरली, वर ते फाटकं खोगीर ठेवून दोरीनं आवळलं, आणि आबांना कठड्यावरून वर बसवलं.

"वीस पावलं न्या. रोज बसता तसे बसा, मला दाखवायला नको."

आबा फिरून आले, उतरले. काकांनी खोगीर अलगद, सरळ वर उचललं. डावीकडची कणीक पार पुसली गेली होती. उजवीकडे ती भुरभुरली तशीच पडून होती.

"तुमच्या उजव्या पायात जोर नाही," काका म्हणाले. "केव्हापासून?"

आबा घोडीच्या मानेकडे बघत म्हणाले, "झाली चार-पाच वर्सं."

"सगळा भार डावीकडे जातोय. डावा नाल बघा केवढा झिजलाय. मोकळी असते तेव्हा सरळ चालते. तुम्ही बसलात, कललात, की ही डावीकडे सरकून तुमच्याखाली येते. घसरली ती नाही, आबा. घसरत तुम्ही होतात, रोज. ही सावरत होती. एक दिवस नाही जमलं."

दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचा मी पगार घेत होते, आणि घरातला माणूस अधू झालेला मला दिसला नव्हता. घरात ते भिंतीला हात लावत चालायचे, ते मी वयावर घालायची. आईला माहीत नव्हतं, डॉक्टरांना माहीत नव्हतं. माहीत होतं ते फक्त या मुक्या जिवाला, आणि ते तिनं पाच वर्षं पाठीवर वागवलं होतं. मला तिच्यापुढे उभं राहवेना.

"आता बोला," काका म्हणाले. "खोगिराच्या गादीत डावीकडे जास्त भरून दिलं तर तुम्ही सरळ बसाल, पण तिची पाठ सोलून निघेल. दोन्हीकडे सारखं भरलं तर तिला बरं. मग तुम्ही मात्र बसायचं नाही."

"आन् न्हाईच केलं तर?"

"तर विकून टाका. नुसती उभी राहिलेली घोडी बिघडते."

आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तिच्या पाठीवरची कणीक पुसायला लागले. उजवी बाजू आधी, मग डावी. बराच वेळ पुसत होते. नको म्हणा, मी मनात म्हणत होते, डावीकडेच भरून मागा. जे मला हवं होतं तेच आता घडू नये असं वाटत होतं.

"सारखं भरा," आबा म्हणाले. "पोरगी हलकी हाय. ती बसंल."

काकांनी मान डोलावली आणि खोगीर उचललं. आबांनी घोडीचा लगाम हातात घेतला, आणि तिला घेऊन पायी शेडकडे निघाले. रविवार होता, गॅलऱ्यांमध्ये लोक उभे होते. भर पार्किंगमधून, सगळ्यांच्या देखत, आबा उजवा पाय ओढत चालले होते. त्यांच्या उजव्या अंगाला अगदी लागून घोडी होती, आणि दर पावलाला ती त्यांच्यासाठी थांबत होती.