पडद्याचा भाव

पनवेलची पहाटेची गाडी स्टँडवर लागली तेव्हा श्रीवर्धन अजून झोपेत होतं. गाडी सुटेपर्यंत मी दोनदा खाली उतरून कंडक्टरला "वेळेवर सुटणार ना?" असं विचारून आलो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा नंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, शर्टाचं टोक धरून मला खाली बसवलं. एका जागी बसणं मला जन्मात जमलेलं नाही. लग्नात पाटावरसुद्धा माझी चुळबुळ चालली होती, असं सासरे शेवटपर्यंत सांगत.

त्या दिवशी चुळबुळीला कारणही होतं. नंदाचं स्टँडजवळचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. अर्ज, पत्रिका, भाडेकरार, सगळं तिच्या हातून जातं. पावसाळ्याच्या अखेरीस तिच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. डावा डोळा लहानपणापासून आळशी, त्याला माणसाचा आकार दिसतो, नाक-डोळे दिसत नाहीत. म्हणजे सगळी भिस्त उजव्यावर. ऑपरेशन पनवेलला झालं आणि पडदा चिकटला की नाही, हे आज डॉक्टर सांगणार होते. मधल्या काळात मी इतक्या वेळा "आता दिसतंय का?" असं विचारलं, की शेवटी तिनं त्या प्रश्नावर बंदी घातली. दुकान बंद, कुलूप मीच रोज उगाच उघडून लावत होतो.

म्हसळा, माणगाव, मग महामार्गाचे खड्डे. पेणनंतर कर्नाळ्याचा सुळका झाडीतून वर आला. लहानपणी तो दिसला की मुंबई जवळ आली असं वाटायचं. आता तो दिसला तसा दवाखाना जवळ आला. नंदा खिडकीबाहेर बघत होती की नुसतीच तिकडे तोंड करून बसली होती, ते मला विचारता येत नव्हतं. पनवेल जवळ आलं तसे दोन्ही बाजूंना अर्धवट बांधलेले मनोरे आणि विमानतळाजवळच्या घरांच्या जाहिराती सुरू झाल्या.

दवाखाना स्टँडपासून चालत जाण्याइतका. तिथल्या सिस्टरनं नंदाला आधी आत नेऊन अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. ती बाहेर आली. मी काही विचारलं नाही, बंदी होती. मग डोळ्यात थेंब घातले आणि बाहुली मोठी व्हायला वेळ लागेल म्हणून आम्हाला बाकावर बसवलं. मी पाण्याच्या कूलरपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालू लागलो. शेजारच्या आजोबांनी पाय आखडून घेतले.

"अहो, लोकांना चक्कर येईल तुमच्यामुळे," नंदा म्हणाली. "तुम्ही असं करा, बाजारात जा. माझा पडदा डॉक्टर बघतील, तुम्ही दुकानाचा पडदा घेऊन या. मोठा. चोवीस इंची."

दुकानातल्या जुन्या मॉनिटरवर कधीपासून एक आडवी रेघ होती, तो बदलायचा हे ठरलेलं होतं. पण आजच? दिसणार की नाही हे कळायच्या आत? मी तसं बोललो नाही. भाव मात्र मला करता येत नाही, हे सांगितलं. माझा आजवरचा व्यवहार म्हणजे दुकानदार सांगेल तेवढे पैसे काढून द्यायचे आणि घरी येऊन बोलणी खायची. नंदा भाजीवालीपासून सोनारापर्यंत सगळ्यांशी घासाघीस करते आणि शेवटी दोन्ही पक्ष हसत उठतात. तिनं मला शिकवलं, की पहिला आकडा ऐकून नुसतं गप्प बसायचं. उत्साह दाखवायचा नाही. आणि चहा घ्यायचा नाही, चहा घेतला की उठता येत नाही.

बाजारात शिरताना एक आगरी बाई टोपलीत मोड आलेले सोललेले वाल घेऊन बसली होती. म्हटलं, आधी इथे सराव करू. तिनं वाट्याचे साठ सांगितले, मी तीस म्हटलं आणि लगेच घाबरून चाळीस केले. तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

"तुला भाव करता येत नाय, दादा. तुजा जीव दुसरीकडं हाय."

कुठे आहे ते मी सांगितलं. तिनं साठच घेतले, पण वरून मूठभर वाल पिशवीत टाकले. मोठ्या शोरूममध्ये मात्र काहीच करावं लागलं नाही. तिथल्या मुलीनं फिक्स रेट आहे असं गोड आवाजात सांगून हप्त्यांची माहिती सुरू केली. हप्ते पुढच्या वर्षापर्यंत जात होते. पुढच्या महिन्याचाही भरवसा नसताना पुढचं वर्ष ऐकवेना, म्हणून मी बाहेर पडलो.

जुन्या पनवेलच्या एका गल्लीत, बेकरीच्या पलीकडे, नझीरभाईंचं दुकान आहे. मेंदी लावलेली दाढी, नाकावर घसरलेला चष्मा. तरुणपणी कुवेतला होते, तिथे टीव्ही दुरुस्त करायचे, हे त्यांनी मॉनिटरची पेटी काढता काढता सांगितलं. दुकान नुकतंच उघडलं होतं, बोहनी (आपली भवानी, दिवसाची पहिली विक्री) व्हायची होती. चोवीस इंची पडदा त्यांनी चालू करून दाखवला. भाव साडेअकरा हजार.

मी गप्प बसलो. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला म्हणून ताडकन उठलो. कुठल्यातरी कर्जाची जाहिरात होती. मी वळलो तर नझीरभाई म्हणाले, "बरं, दहा आठशे." मला काही कळलं नाही. पुन्हा बसलो. गल्लीच्या टोकाला उभं राहिलं की दवाखान्याची पाटी दिसते हे येताना पाहून ठेवलं होतं, म्हणून जरा वेळानं तिथवर जाऊन आलो. पाटी होती तिथेच होती. परत आलो तर भाव दहा दोनशे झाला होता. त्यांनी चहा मागवला. मी तो न घेता पायरीवर जाऊन उभा राहिलो, तर मागून आवाज आला, नऊ आठशे.

"साहेब, तुम्ही बोलत काहीच नाही आणि माझा भाव उतरवत चाललात," ते म्हणाले. "असा कडक गिऱ्हाईक मी कुवेतलासुद्धा नाही बघितला."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी कडक म्हणत होतं आणि त्याचा आनंद घ्यायची सोय नव्हती. मला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती भावाची नव्हती. मी म्हणालो, "नाही लागला, तर परत घ्याल का?"

नझीरभाईंचा चेहरा पडला. विकलेला माल परत घेतला जाणार नाही, अशी पाटी त्यांच्या डोक्यावरच होती, आणि हा तर बोहनीचा माल. मॉनिटर लागत नाही म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मग मी सगळं सांगून टाकलं. सरकलेला पडदा, आळशी डोळा, बंद दुकान, आता या घटकेला आत बसलेले डॉक्टर. ते ऐकत राहिले. चष्मा काढून पुसला.

"आता मी दोन भाव सांगतो," ते म्हणाले. "परत आणायच्या बोलीवर न्याल, तर साडेअकरा हजार. आणलात तर एक रुपया न कापता परत देईन, जबान देतो. आणि ठेवायचा म्हणून न्याल, तर नऊ हजार आठशे. बोला, कुठला?"

मला संताप आला. हा कोण मला असं विचारणार? मी तरातरा गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. वाटेत एका रिक्षाला धडकता धडकता वाचलो, रिक्षावाल्यानं माझ्या डोळ्यांचा उद्धार केला. पाटीकडे बघत उभा राहिलो. नंदा पहिला प्रश्न भावाचाच विचारणार, हे मला ठाऊक होतं. बाजारभाव तिला तोंडपाठ असतात. साडेअकरा म्हटलं की ती खोदून विचारणार, आणि मी परतीच्या बोलीवर पडदा आणलाय हे तिला कळणार. तिच्या डोळ्याचं काय होईल ते होवो, हे मला तिला कळू द्यायचं नव्हतं.

परत आलो, नऊ हजार आठशे मोजले. नझीरभाईंनी पहिली नोट कपाळाला लावली. मग मी तो गार झालेला चहा प्यायलो.

दवाखान्यात नंदा काळा चष्मा लावून बाकावर बसली होती. डॉक्टरांचं झालं होतं. मी पेटी खाली ठेवली, बंदी विसरलो आणि काय म्हणाले असं विचारलं.

"आधी सांगा, कितीला घेतलात?"

मी सांगितलं. दोन भावांचंही सांगितलं, राहवलं नाही. तिनं पेटीवरून हात फिरवला.

"आणखी तीनशे सुटले असते," ती म्हणाली. आणि मग, "पडदा चिकटलाय."

मी तिथेच जमिनीवर बसलो. ती पुढे सांगत होती. सकाळी तक्त्यावरचं फक्त सगळ्यात वरचं, एकच मोठं अक्षर दिसलं होतं. म्हणजे मला मोठा पडदा आणायला धाडलं तेव्हा तिला ते माहीत होतं. किती सुधारेल असं तिनं डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले एखादी ओळ. ती म्हणाली, डॉक्टर, तीन तरी करा.

"मग?"

"बघू म्हणाले. दोनवर सुटेल."

दुपारची श्रीवर्धनची गाडी मिळाली. वर फळीवर ठेवू द्यायला नंदा तयार नव्हती, म्हणून पेटी माझ्या मांडीवर. घासाघीस म्हणजे चिक्कूपणा, असं मी इतकी वर्षं मनात धरून होतो आणि तिला ते कधी कधी ऐकवतही होतो. समोरच्यानं सांगितलेला पहिला आकडा शेवटचा मानायचा नाही, एवढंच ती करत आलेली आहे. मी मात्र पहिल्या आकड्यालाच मान खाली घालणारा. पनवेलला गेलो नसतो तर हे मला कळलं नसतं.

माणगावला गाडी थांबली. एरवी ती पुरती थांबायच्या आत मी खाली असतो. लोक चहाला उतरले.

"उतरत नाही?" नंदानं विचारलं. मी नाही म्हटलं.

तिनं काळा चष्मा काढला, पेटीवरच्या छापील अक्षरांकडे डोळे बारीक करून बघितलं आणि पुन्हा लावला. थेंबांचा अंमल अजून उतरला नव्हता.

"उद्या दुकान उघडायचं," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी पडद्यावर एकच अक्षर, हे एवढं मोठं. मग रोज थोडं थोडं उतरवत जायचं."