नळी फुगतेय, नाना!

लग्न होऊन मी धुळ्याला आले तेव्हा सासरच्या अंगणात एक जुनी, फिकट निळी मोटार उभी असायची. ती माझ्या सासऱ्यांची. घरात सगळे त्यांना नाना म्हणत, मीही म्हणू लागले. नोकरीत असताना त्यांनी ती हौसेनं घेतली होती आणि बारीकसारीक दुरुस्ती स्वतःच करत. पण मी आले त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. "अजून पिकला नाही," म्हणून डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलत होते. गाडी आता माझे यजमान चालवत, तीही रविवारी. एरवी ते एसटीनं नरडाण्याला कारखान्यात जात.

एका रविवारी नशिराबादला, माझ्या माहेरी, भावाचा साखरपुडा ठरला. नेमकी त्याच आठवड्यात गाडी गिअर घेईना. क्लच पार दाबला तरी नुसती करकर. कोपऱ्यावरचा मिस्त्री म्हणाला, "प्लेट गेलेली दिसते. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. रविवारपर्यंत नाही व्हायचं."

मी मनातल्या मनात एसटीची तयारी केली. दुसऱ्या दिवशी यजमान कामावर गेले आणि नानांनी मला हाक मारली.

"सूनबाई, प्लेट झिजली असती तर चढावर इंजिन नुसतं ओरडलं असतं, गाडी ओढलीच नसती. आपली ओढते. तिचा क्लच सुटत नाही, एवढंच. हा क्लच तेलाच्या दाबावर चालतो, आणि तो दाब कुठंतरी वाया जातोय. मला आता दिसत नाही गं. तू बघशील?"

सासऱ्यांसमोर मी पदर सावरून बसणारी, आणि आता गाडीखाली शिरायचं! मी सासूबाईंकडे पाहिलं.

"बठ्ठी गल्ली देखी ऱ्हायनी शे," त्या पुटपुटल्या. सगळी गल्ली बघतेय म्हटल्यावर मला वाटलं, संपलं. पण त्या आत गेल्या आणि रिकामं पोतं आणि पलंगावरची चादर घेऊन आल्या. पोतं गाडीखाली अंथरलं, चादर दोन्ही हातांनी पसरून गल्लीच्या बाजूला आडोसा धरला आणि म्हणाल्या, "जाय."

आधी बॉनेट उघडून मी तेलाची डबी पाहिली. भरलेली होती. खालीही कुठं ओल नव्हती.

"मग पॅडलजवळच्या वरच्या सिलेंडरचं रबर गेलं असणार," नाना म्हणाले. "पण खोलण्याआधी खालचंही बघू. मी पॅडल दाबतो. खालच्या सिलेंडरची, क्लच ढकलणारी दांडी किती सरकते, ते सांग."

चाकांना विटा लावल्या होत्या. मी पाठीवर सरकत आत गेले.

"जेमतेम सरकते, नाना. नखाएवढी."

नीट दिसावं म्हणून दोन्ही सिलेंडरांना जोडणारी मधली रबरी नळी हातानं बाजूला केली, तेवढ्यात नानांनी पुन्हा पॅडल दाबलं. नळी माझ्या मुठीत बेडकाच्या गळ्यासारखी टम्म झाली.

"नाना, नळी फुगतेय!"

"काय? थांब, परत दाबतो."

"फुगली! सोडलं की बसते!"

वरून नानांचं हसू ऐकू आलं. "अगं, दांडीला मिळायचा जोर ही नळीच खातेय! तू नसतीस तर मी वरचा सिलेंडर उगाच खोलून बसलो असतो."

संध्याकाळी मिस्त्रीनं आग्रा रोडवरच्या दुकानातून तशीच नळी आणून बसवली. आत शिरलेली हवा काढताना मात्र नानांनी मलाच खाली बसवलं. ते वरून "दाबलं" म्हणाले की मी खालच्या सिलेंडरचा बोल्ट सैल करायची, त्यांनी पॅडल सोडायच्या आत आवळायची. खाली धरलेल्या बाटलीत आधी बुडबुडेच बुडबुडे, मग नुसतं तेल. पॅडल घट्ट झालं, गिअर लोण्यासारखा पडला.

साखरपुड्याला आम्ही गाडीनंच गेलो. मांडवात नाना माझ्या वडिलांना म्हणाले, "गाडी कुणी बरी केली माहितेय? तुमच्या लेकीनं." वडील माझ्या हातांकडे बघत राहिले. नखांतला काळा मळ अजून निघाला नव्हता.

पुढच्या महिन्यापासून नानांनी मला गाडी शिकवायला घेतली. ऑपरेशनसाठी त्यांना दवाखान्यात मीच घेऊन गेले. मागच्या सीटवर सासूबाई होत्या, आणि सगळ्या वाटेत त्यांनी एकदाही "हळू" म्हटलं नाही. त्या दोघांनी माझ्यावर टाकलेला तो विश्वास मला आजही पुरतो आहे.