राखून ठेवलेले इंजेक्शन

चांगली वस्तू वापरण्यासाठी नसून राखण्यासाठीच असते, असे माझ्या साडूइतक्या निष्ठेने मानणारा मनुष्य साऱ्या नागपुरात दुसरा नसावा. नवा सदरा तो घडीवर विरेपर्यंत कपाटात ठेवी आणि कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची आडत असूनही घरी डागी फळेच खाई. मणक्यांच्या सांध्यांना सूज आणणारा आजार त्याला तिशीतच जडला, तेव्हा औषधांनाही त्याने हाच नियम लावला. डॉक्टरांनी सूज उतरवणारी गोळी रोज जेवणानंतर घ्यायला सांगितली होती. त्याने ती लग्ना-बारशांसाठी शिल्लक टाकली. "रोज काहून खाऊ, भाऊ? दुखणं त रोजचंच आहे. चार लोकांत जायचं असलं का मंग खातो." शेजाऱ्याने दिलेला लेप मात्र तो नेमाने चोपडी, तो त्याच्या मते चांगल्या वस्तूंत मोडत नव्हता.

पाठ वाकत गेली, तशी नजर जमिनीकडे वळली. माणसे तो पादत्राणांवरून ओळखू लागला. माझ्या धरमपेठेतील घराच्या फाटकाशी थांबून म्हणे, "भाऊ, डावी टाच झिजली तुमची. बदलवा."

अखेर मोठ्या डॉक्टरांनी, दबलेला क्षय या औषधाने उसळू नये म्हणून आधी त्याची तपासणी करून, दर पंधरवड्याला टोचायचे महागडे इंजेक्शन सुरू केले. मणके एकमेकांना जुळून गेलेली पाठ सुटणार नाही, मान मात्र अजून वाचू शकेल, खंड पाडू नका, असे त्यांनी बजावले. दोन इंजेक्शनांतच साडू कित्येक वर्षांनी न कण्हता कुशीवर वळला. झाले! तिसरे त्याने फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे ठेवून दिले आणि पुढची आणलीच नाहीत. "पोरीच्या लग्नात घेईन, भाऊ. त्या दिवशी मान वर करून पाहीन तिले."

"खंड पाडू नका म्हणाले आहेत," मी म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. एक गोष्ट दोनदा न सांगण्याचा मला अभिमान होता.

लग्न दीड वर्षाने झाले. आदल्या दिवशी त्याने ते राखलेले इंजेक्शन टोचून घेतले. तोवर मानही जुळली होती. अंतरपाट दूर झाला तेव्हा त्याला लेकीची मेंदी लावलेली पावले तेवढी दिसली. मान उचलण्याची त्याची खटपट साऱ्या मांडवाने पाहिली. मग लेक भरजरी शालूसह त्याच्यासमोर जमिनीवर उकिडवी बसली.

"बाबा, आता दिसते?"

"दिसते वं माय. ऊठ आता, शालू मळून राहिला."

आता तो एकही इंजेक्शन चुकवत नाही. दुखत नाही म्हणतो. माझ्या मुलाने मला नवे बूट आणले आहेत. ते खोक्यातच आहेत, कारण साडूच्या ते ओळखीचे नाहीत. फाटकाशी थांबून तो अजून झिजलेल्या टाचेचे सांगतो. मी बरे म्हणतो.