विहिणीसोबत आकाशपाळण्यात

माझ्या मुलीचं लग्न माझ्या उजव्या गुडघ्यापायी मोडता मोडता राहिलं.

गुडघ्यात संधिवात होता. निर्गुडीचा पाला बांधून झाला, विटेने शेकून झालं, डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. गुडघा काही वाकेना. चटईवर बसले की उठण्याचा एक सोहळाच व्हायचा. आधी कुशीवर कलायचं, मग दोन्ही हात जमिनीला टेकायचे, मग भिंत धरायची आणि देवाचं नाव घेत उभं राहायचं (देवाचं नाव मोठ्याने, बाकीचं मनातल्या मनात). करी रोडच्या आमच्या चाळीत हे सगळ्यांना पाठ होतं. पण कुंदाला लालबागचं स्थळ सांगून आलं, तेव्हा मी घरात ताकीदच दिली की पाहुण्यांसमोर माझ्या गुडघ्याचं नाव काढायचं नाही. आमच्याच मजल्यावरच्या एका मुलीचं ठरत आलेलं लग्न तिच्या आजोबांच्या दम्यावरून फिसकटलं होतं. आजोबांच्या दम्याला घाबरणारे लोक आईच्या वाताला सोडतील होय?

म्हणून मुलाकडची मंडळी आमच्याकडे आली तेव्हा मी उभी. आम्ही त्यांच्याकडे गेलो, सगळे चटईवर टेकले, मी उभीच. मुलाची आई, राधाबाई, हाताला धरून बसवायला लागल्या, तर मी म्हटलं, मला उभंच बरं वाटतं. घरी येताना मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटत होतं.

आठवडाभराने मध्यस्थ दत्तूभावजी निरोप घेऊन आले. मुलगी पसंत होती. मुलीची आई नव्हती! राधाबाईंचं म्हणणं, बाई फार शिष्ट आहे, आमच्या चटईवर बसायला तिला कमीपणा वाटतो. असल्या घरची मुलगी आमच्या एका खोलीत नांदायची कशी? कुंदा मोरीत जाऊन रडली. मुलगा तिच्या मनात भरला होता. खरं काय ते सांगून टाकू, असं आमच्या ह्यांचं मत पडलं. मी म्हटलं, शिष्टपणा सोडता येतो, वात सोडता येत नाही. शेवटी भावजींनीच तोड काढली. परळच्या मैदानात जत्रा भरली होती. दोन्ही घरांनी मिळून जायचं आणि मी राधाबाईंशी जरा मिळूनमिसळून वागायचं. जत्रेत सगळेच उभे असतात, म्हणून मीही आनंदाने हो म्हटलं.

राधाबाईंना आकाशपाळण्याचं वेड आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

बाई माझ्याहून वयाने मोठी, अंगाने दुप्पट, आणि पाळणा दिसल्याबरोबर पदर खोचून तयार! म्हणाल्या, चला, आपण दोघी बसूया. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुंदाच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून "चला" निघून गेलं.

पाळण्याची पेटी लाकडी, तिची कड चांगली उंच. डावा पाय आत गेला. उजवा पाय मी हातांनी उचलून आणला, पण आत राधाबाईंचे गुडघे आधीच बसलेले; तो कडेवरून बाहेरच राहिला, सरळसोट. पाळणेवाला साखळी लावायला आला आणि पाय आत घ्या म्हणाला.

"असू दे बाहेर," मी म्हटलं, "वारा लागतो."

राधाबाईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. तेवढ्यात दोन माणसं दांड्यांना लोंबकळली आणि आम्ही वर निघालो. अगदी टोकाला पोचलो तेव्हा माझी चप्पल सुटली. खाली एवढं मोठं मैदान होतं, पण चप्पल पडली ती मुलाच्या वडिलांच्या टोपीवर. ते बिचारे बायकोची पिशवी सांभाळत उभे होते. त्यांनी टोपी झटकली, चप्पल उचलली आणि पिशवीत ठेवली. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पाळणा थांबला. राधाबाई टुणकन उतरल्या. माझा गुडघा मात्र पार धरला होता. मी कडेला धरून जोर लावला, देवाचं नाव घेतलं (आता सगळंच मोठ्याने), पण जागची हलले नाही. वरच्या पेट्यांतली माणसं ओरडायला लागली, तेव्हा पाळणेवाल्याने मला तशीच पुन्हा वर पाठवली. खाली आले, उठता येईना. पुन्हा वर!

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. जवळच एक सभा सुटली होती आणि ती अख्खी सभा घोषणा देत मैदानातून चालली होती. हवेत फिरणारा माझा पाय पाहून सभा थांबली. काय झालं, बाई उतरत का नाही, याची चौकशी झाली. मग कोणीतरी आवाज टाकला, "मावशी खाली..." आणि शेकडो गळ्यांनी उत्तर दिलं, "उतरल्याच पाहिजेत!" त्यात एक आवाज आमच्या ह्यांचा होता. सवयीने निघून गेला, असं ते पुढे म्हणाले.

मी वर बसून रडत होते. मरण यावं असं वाटलं, पण ते तिथवर येणार तरी कसं?

खाली राधाबाईंनी हात वर केला आणि पाळणा थांबवला. सभाही गप्प झाली. त्यांनी मान वर करून विचारलं, "गुडघो धरलो हा काय तुमचो?"

आता लपवायला उरलं होतं काय? मी वरून ओरडले, "वाकतच नाही हो! कधीचा वाकत नाही! म्हणून तुमच्याकडे बसले नाही. पण कुंदाला काही नाही. कुंदाचे गुडघे चांगले आहेत!"

कुंदाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सगळ्या परळला माझ्या मुलीचे गुडघे कळले.

पेटी खाली आणून, तिची एक फळी काढून चौघांनी मला बसल्या आकारातच बाहेर आणलं आणि भेळवाल्याच्या बाकड्यावर ठेवलं. मुलाच्या वडिलांनी पिशवीतून चप्पल काढून माझ्या पायाशी ठेवली. त्यांच्या टोपीवर तिचा पुसट ठसा होता. मी मान खाली घातली ती वर करवेना. राधाबाई शेजारी येऊन बसल्या.

"मगे ह्यां आदी सांगूक काय झाला होता?" त्या म्हणाल्या. "आमका वाटला, आमच्या मांडीक मांडी लावून बसाक तुमका कमीपणा वाटता. गुडघ्याचा काय ता, सगळ्यांचेच जातत."

लग्न ठरलं. मांडवात विहिणीचे पाय धुवायची वेळ आली, तेव्हा मी आधाराला मांडवाचा खांब शोधू लागले. राधाबाईंनी कोणाला काही न विचारता एक टेबल मागवलं, त्यावर खुर्ची ठेवली, वर चढून बसल्या आणि पाय टेबलावर टेकले. मला वाकावंच लागलं नाही. मी ताठ उभ्याने पाय धुतले, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी फोटो काढला.

तो फोटो कुंदाच्या घरी भिंतीवर आहे. नवा पाहुणा आला की तो बघून हमखास म्हणतो, काय बाई आहे, विहिणीचे पाय धुतानासुद्धा वाकली नाही! मी नुसती मान डोलावते. खरं कारण सांगायचं, तर आकाशपाळण्यापासून सुरुवात करावी लागेल.