सोड, माझा!

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या अक्काचे यजमान. धंदा फुटबॉलचा, काम बचावाचं. गोलाच्या पुढं धोंड्यासारखं उभं राहायचं आणि येईल त्याला आडवं करायचं. मांजर पिलांना सात घरं दाखवून थांबतं, दाजींनी अठरा वर्षांत अकरा क्लब दाखवले, वर अक्काला म्हणायचे, "जग बघायला मिळतंय की!"

"जग नको. मला भिंतीत एक खिळा ठोकायचाय," अक्का म्हणायची.

भाड्याचं घर. ठोकावा तर वर्षात उपटा, भोक बुजवा आणि मालकाची बोलणी खा. त्यापायी आरसा कायम खुर्चीवर टेकलेला, आणि बाई अठरा वर्षं ओणवी होऊन भांग पाडायची.

अकराव्या गावात मात्र ती रुळली. शिवणकामाला गिऱ्हाइकं लागली, शेजारीण हक्कानं भांडायला लागली. आणि नेमका करार संपत आला. दाजी सदतिसाचे, गुडघा जिना चढताना दारासारखा करकरायचा. अध्यक्ष म्हणाले, "शेवटचा सामना जिंकून द्या, एक वर्ष वाढवतो."

समोर दाजींचाच एक जुना क्लब. गोलकीपर लांब्या, दाजींचा जिवलग. तीन क्लबांत मिळून सहा वर्षं दाजी त्याच्या पुढं उभे राहिलेले. बॉल उंच आला की तो बोंबलायचा, "सोड, माझा!" आणि दाजी डोकं खाली घालायचे. बायकोचं ऐकलं नसेल इतकं त्याचं ऐकलं.

सामना बरोबरीत, शेवटचं मिनिट, आम्हाला कॉर्नर. दाजी गुडघा ओढत पार लांब्याच्या गोलापुढं गेले. बॉल नेमका त्यांच्या टाळक्यावर आला. नुसते उभे राहिले असते तरी गोल होता. तेवढ्यात मागून हाळी आली, "सोड, माझा!"

दाजी वाकले. लांब्यानं बॉल अलगद पोटाशी धरला.

"अरे, मी सवयीनं ओरडलो!" लांब्या म्हणाला.

"मग मी काय ठरवून वाकलो का, गाढवा?"

अध्यक्षांनी विचारलं, "वाकलात का?"

"गोलकीपर ओरडला."

"कुणाचा?"

करार तिथंच संपला.

दाजी घरी आले ते थेट माळ्यावरची खोकी काढायला. "एका क्लबात ओळख आहे. लांब आहे जरा, पण..."

अक्कानं शेजारणीकडून हातोडा आणला, तोंडात खिळा धरला आणि आरसा उतरवून खुर्चीवर चढली.

"अगं, मालक ओरडेल! आण इकडं तो," म्हणत दाजींनी हातोड्याला हात घातला.

अक्कानं खिळा तोंडातून काढला. जन्मात नवऱ्याला एकेरीत हाक न मारलेली बाई, पण अशी गरजली की खाली शिवणाला आलेलं गिऱ्हाईक दचकलं:

"सोड, माझा!"

दाजी चटकन खाली वाकले.

खिळा जरा वाकडाच बसलाय. आरसा तिरका दिसतो. पण अक्का ताठ उभी राहून भांग पाडते.